खाट खिडकीकडे घ्या : एका चरित्रपटकारास खुले पत्र

प्रति,
श्रीयुत चरित्रपटकार महाशय,
मुक्काम मुंबई, तूर्त लोकेशनच्या शोधात गोव्यात.

स. न. वि. वि.

तुमचा माणूस गेल्या आठवड्यात आमच्या पणजीच्या घरी येऊन गेला. पोरगा चांगला. भर पावसात आला, निथळणारी छत्री दाराबाहेर उभी केली, चहा दोनदा घेतला आणि आमच्या सौभाग्यवतींना आल्या आल्या काकी म्हणाला. त्यामुळे त्याच्यावर माझा राग नाही. राग तुमच्यावर आहे, कारण हातात टॅब त्याचा असला तरी आतली प्रश्नांची यादी तुमची होती.

'गोव्यातल्या एका थोर लेखकाच्या अखेरच्या वर्षांवर चित्रपट करतोय,' असं त्यानं सांगितलं. ऐकून बरं वाटलं. कोण लेखक, म्हणून विचारलं. तर म्हणाला, 'सर, ते अजून लॉक नाही झालं.'

महाशय, गेली चाळीस वर्षं मी पुस्तकं वाचतोय, पण इतकं भेदक वाक्य क्वचितच वाचलं असेल. लेखक ठरलेला नाही, त्याचं मरण मात्र ठरलंय. पाऊस ठरलाय. खाट ठरलीय आणि ती खिडकीशी हवी हेही ठरलंय, म्हणजे उजेड गालावर बरोबर पडतो. नाकाचा साचा तयार आहे म्हणे, फक्त नाक कुणाचं ते कळायचंय. सगळं लग्न जमलं, नवरामुलगा तेवढा बघायचा राहिला!

मग यादी सुरू झाली. शेवटी शेवटी ते प्यायचे का? पत्नीशी संबंध कसे होते? उशीखाली कुणाची पत्रं वगैरे सापडली होती का? पैशाची ओढाताण? शेवटचे शब्द काय? मी म्हटलं, बाबा, त्या वर्षांत ते काय लिहीत होते, हा प्रश्न यादीत कितवा आहे? त्यानं टॅबवर बोट फिरवलं, वर गेला, खाली आला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, 'लिहिण्याचा एक मोंटाज आहे सर. पंचेचाळीस सेकंद.'

हे पत्र त्या पंचेचाळीस सेकंदांबद्दल आहे.

पण आधी तुमच्या घराचं मिटवू. त्यानं मला चित्रं दाखवली. पिवळी भिंत, निळी चौकट, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी, कोपऱ्यात क्रूस, टेबलावर फेणीचा ग्लास. झकास. आणि हे घर तुम्हाला पेडण्यात किंवा डिचोलीत हवंय, कारण 'तिकडे अजून गर्दी नाही'. महाशय, हे फोंताइन्यास आहे. ते पणजीत, आमच्या घरापासून चालत जाण्याजोगं आहे, आणि तिथले लोक दारात उभं राहून फोटो काढणाऱ्यांना एवढे कंटाळलेत की त्यांनी पाट्या लावल्यात. पेडणे आणि डिचोली या नव्या काबिजादी. तिसवाडी पोर्तुगीजांनी 1510 साली घेतली, आणि हे तालुके त्यांच्या हाती लागले ते अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीसेक वर्षांत. पावणेतीनशे वर्षांचा फरक भिंतीला दिसतो. माझं आजोळ पेडण्याचं. तिथं चिऱ्याचं जोतं, शेणानं सारवलेलं खळं, दारात तुळस आणि माळ्यावर उंदीर. रात्री दशावतार, दिवसा पोथी. खिडकी आहे, पण एवढीशी. तिच्यातून उजेड येतो तो गालावर पडत नाही, मांजरावर पडतो. आता त्याच तालुक्यात मोपाचा विमानतळ झालाय, तेव्हा तुमचं युनिट थेट तिथं उतरेल आणि पिवळी भिंत शोधत टॅक्सीनं पणजीला येईल. भाडं विचारून घ्या.

बरं, लेखक अजून ठरायचाच आहे, तर सुचवतो. फुकट सुचवतो, श्रेयनामावलीत नाव नको.

डिचोलीच हवी असेल तर तिथं 23 जून 1877 रोजी वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर जन्मले. शणै गोंयबाब. मराठीत लिहिणाऱ्या माणसानं हे नाव काढलं की पणजीत मराठी-कोंकणी दोन्हीकडच्या भुवया वर जातात, पण जाऊ देत. हा माणूस मुंबईत इटालियन वकिलातीत नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात कोंकणी भाषा उभी करायचा. 9 एप्रिल 1946 ला मुंबईतच गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी, 18 जूनला, लोहियांनी मडगावात गोवा मुक्तीची सभा घेतली. नाट्य आहे, पण तुमच्या उपयोगाचं नाही. कचेरी, लोकलगाडी, शब्दांचे कागद. फेणी कुठं घालणार?

पेडणेच हवं, तर सोहिरोबानाथ आंबिये. मूळ बांद्याचे, पण पेडण्यात विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजाला त्यांचं नाव आहे. म्हातारपणी उत्तरेत गेले. तिथं महादजी शिंद्यांच्या पदरी बक्षी होते ते केरीचे जिवबादादा केरकर, म्हणजे पेडण्याचेच. परंपरा सांगते की 1792 साली उज्जैनहून नाथ उठून चालते झाले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत. बघा, शेवट कुणी पाहिलेलाच नाही! दिग्दर्शकाला याहून मोकळं रान कुठं मिळणार? अडचण एवढीच की खाट नाही. माणूस चालत गेला.

अखेरची वर्षं या विषयावर ज्याच्यावर खरोखर चित्रपट व्हावा असा एक गोंयकार आहे, आणि त्याचं नाव तुमच्या पोरानं ऐकलेलं नव्हतं. धर्मानंद कोसंबी. साखवाळचे. बुद्ध समजून घ्यायचा म्हणून घर सोडलं, सिलोनपर्यंत गेले, पुढं हार्वर्डला पाली ग्रंथांवर काम केलं, 'निवेदन' हे आत्मचरित्र लिहिलं, 'भगवान बुद्ध' लिहिलं. शरीर थकल्यावर आपला आता कुणाला उपयोग नाही, उगाच भार कशाला, असं ठरवून त्यांनी अन्न सोडायचं म्हटलं. गांधीजींनी एकदा परावृत्त केलं. शेवटी सेवाग्रामला त्यांनी ते पार पाडलं. 4 जून 1947 ला गेले. देशात फाळणीची बोलणी चाललेली, आणि वर्ध्याजवळ एका झोपडीत एक म्हातारा शांतपणे जेवण थांबवतोय. गांधी आहेत, उपास आहे, 1947 आहे, आणि तरीही एकही पात्र ओरडत नाही. पोरगा म्हणाला, 'इंटरेस्टिंग आहे सर, पण थोडं डार्क होईल.' दारूनं मेलेला लेखक उजेडात आणि उपासानं गेलेला अंधारात. असो.

तुम्ही या धंद्यातले पहिले नाही, हे सांगितलं तर तुम्हाला धीर येईल. 1910 च्या नोव्हेंबरात बेऐंशी वर्षांचा टॉलस्टॉय घर सोडून निघाला आणि अस्तापोवो नावाच्या आडगावच्या स्टेशनात आजारी पडला. स्टेशनमास्तरच्या घरात तो पडलेला, बाहेर वार्ताहर आणि कॅमेरावाले. पाथे कंपनीची आपल्या माणसाला तार होती : स्टेशनचं नाव घे, घरच्यांना घे, जवळून घे. बायकोला आत सोडलेलं नव्हतं, ती खिडकीतून डोकावत होती. तेही घेतलं. तुमची खिडकी तेव्हापासूनची आहे! दोन वर्षांनी, 1912 मध्ये, प्रोताझानोव्हनं त्यावर चित्रपट काढला. त्यात बायकोला खलनायिका केली आणि शेवटी टॉलस्टॉयला ढगांत नेऊन ख्रिस्ताच्या मिठीत दिलं. ज्याला 1901 साली चर्चनं बाहेर काढलं होतं त्याला सिनेमानं परस्पर स्वर्गात घेतलं. घरच्यांनी हरकत घेतली आणि तो रशियात दाखवलाच गेला नाही.

आपल्याकडेही 1936 साली प्रभातनं कवीला विमानात बसवलं. पण दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' आणि तुमचं काम यांत फरक आहे. त्यांनी आवलीला मातीवर ठेवलं. नवरा वैकुंठाला निघालाय आणि हिला घरातल्या पोराबाळांची पडलीय. म्हणून ते विमान आजही हास्यास्पद वाटत नाही. आणि मुख्य म्हणजे त्या चित्रपटात तुकाराम अभंग म्हणतो. सारखा म्हणतो. पंचेचाळीस सेकंद नव्हे.

2019 साली पु. लं.चं जन्मशताब्दी वर्ष चालू असताना 'भाई : व्यक्ती की वल्ली' आला, दोन भागांत. महेश मांजरेकरांनी सुरुवात केली ती पुण्याच्या इस्पितळातून. पु. ल. खाटेवर, भोवती माणसं जमलेली, आणि आठवणींचं दार उघडतं. सागर देशमुखांनी काम जीव लावून केलं, इरावती हर्षेंच्या सुनीताबाई तर मला फारच पटल्या. पण चित्रपटगृहातून बाहेर पडताना माझ्या मागचा तरुण मित्राला विचारत होता, 'हे लिहायचे कधी?' प्रश्न रास्त होता. गप्पा दिसल्या, पेटी दिसली, मैफल दिसली, सिगारेट दिसली. आता कंप पावणाऱ्या हाताचा माणूस टेबलाशी बसून वाक्य खोडतो हे दाखवायला कंटाळवाणं असतं, हे मला मान्य आहे. पण महाशय, त्या खोडण्यावरच तर तुमचं तिकीट विकलं जातं! पु. ल. खोडत नसते तर खाटेभोवती जमायला कोण आलं असतं?

याच मराठीत परेश मोकाशींनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' केला. दादासाहेब फाळके 1944 साली नाशकात गेले, विसरले गेलेले, विपन्न. रडायला केवढी सोय होती! मोकाशींनी ती सगळी वर्षं सोडून दिली आणि फक्त पहिला चित्रपट कसा झाला तेवढं दाखवलं. घरातली भांडी-कपाटं विकणारा, कुंडीतलं रोप उगवताना चित्रित करणारा खटपट्या माणूस. काम करताना माणूस किती मजेदार दिसतो हे त्यांना कळलं होतं.

'पण आम्हाला शेवटचीच वर्षं हवीत,' असं तुम्ही म्हणाल. बरं. घ्या.

केरीहून तेरेखोलची नदी ओलांडा. पलीकडं रेडी, मग शिरोडे. वि. स. खांडेकर 1920 साली तिथं शाळामास्तर होऊन आले आणि अठरा वर्षं राहिले. त्यांची शेवटची वर्षं तिथली नव्हेत, कोल्हापूरची. 'ययाति'ला 1974 चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा खांडेकरांची दृष्टी गेलेली होती. ते सांगत, दुसरा लिहून घेई. आता डोळ्यांपुढं आणा : एक आंधळा म्हातारा खुर्चीत बसलाय, हवेत बोट फिरवून वाक्य जुळवतोय, 'नको, तो शब्द काढ' म्हणतोय, आणि समोरचा काढतोय. यात भांडण नाही, बाटली नाही, पण मला दोन तास बसवा, मी हलणार नाही. आणि खांडेकर तुमच्याच बिरादरीतले. मास्टर विनायकांसाठी 'छाया' 1936 साली त्यांनीच लिहिला. पटकथा वाचून दाखवली असती तर त्यांनी तुमचा मोंटाज पहिल्या फेरीत कापला असता.

आणि बाकीबाब.

टॉलस्टॉय अस्तापोवोत 20 नोव्हेंबर 1910 ला वारला. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, 30 नोव्हेंबरला, बा. भ. बोरकर जन्माला आले. बोरीचे बाकीबाब. शिक्षक झाले, गोवा मुक्तीसाठी लढले, आकाशवाणीत नोकरी केली, 1967 ला पद्मश्री घेतली, 1970 ला निवृत्त झाले. तुमच्या पोराला त्यांच्याबद्दल ठाऊक होतं ते असं : गोरा-देखणा रसिक माणूस, निसर्गकवी, प्रेमकविता, समुद्र. म्हणजे पोस्टर आयतं. शेवटच्या वर्षांबद्दल तो म्हणाला, 'तेव्हा फारसं काही घडलं नसावं ना?'

घडलं की. 1981 ला 'कांचनसंध्या' आला. त्याच साली कोंकणीतल्या 'सासाय'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार. 1982 ला 'अनुरागिणी'. 1984 ला 'चिन्मयी'. आणि 8 जुलै 1984 ला बाकीबाब गेले. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं चार वर्षांत तीन संग्रह दिले, त्याला तुम्ही काही घडलं नाही म्हणता! आणि या सगळ्याच्या बाजूला गांधीजींवरचं महाकाव्य चालू होतं, 'महात्मायन'. ज्याला सगळा महाराष्ट्र चांदण्याचा आणि माडांचा कवी म्हणून ओळखतो त्यानं उतारवयात पंचा नेसलेल्या, अर्धपोटी माणसाचं महाकाव्य का हाती घ्यावं? कवीच्या अखेरच्या वर्षांचा हा एकच प्रश्न मला रात्री कधी झोप आली नाही तर सुचतो. मला उत्तर माहीत नाही. चित्रपट काढावा तो अशा प्रश्नावर. तुमच्या यादीत लेखकाच्या पिण्याचा प्रश्न दोनदा होता, एकदा 'मद्य' म्हणून आणि एकदा 'फेणी' म्हणून.

(बाकीबाबांची कविता पुढं पु. ल. आणि सुनीताबाईंनी गावोगाव वाचून दाखवली. एका रंगमंचावर दोन खुर्च्या, दोन माणसं आणि कविता, बस्स. नाकाला साचा नाही, पाऊस नाही. सभागृह भरायचं. हे केवळ माहितीसाठी.)

आता एक नाव घेतो, पण त्याची टवाळी करणार नाही. विष्णू सूर्या वाघ. कवी, नाटककार, पत्रकार, आमदार, विधानसभेचे उपसभापती. 2016 च्या ऑगस्टमध्ये हृदयविकाराचा झटका आला आणि इतका मोठ्या आवाजाचा माणूस अंथरुणाला खिळला. दुसऱ्या वर्षी त्यांच्या 'सुदिरसूक्त' या कोंकणी संग्रहाची पुरस्कारासाठी शिफारस झाल्याची बातमी फुटली. बहुजनांच्या बाजूनं जातीवर तुटून पडणारं पुस्तक. गदारोळ झाला, अश्लील म्हणून पोलिसांत तक्रार गेली, आणि कोंकणी अकादमीनं त्या खेपेचे पुरस्कारच रद्द केले. कवितेवर अवघा गोवा बोलत होता आणि कवी तेवढा बोलू शकत नव्हता. 8 फेब्रुवारी 2019 ला ते दक्षिण आफ्रिकेत, केप टाऊनला वारले. त्याच शुक्रवारी इकडं 'भाई'चा दुसरा भाग लागला.

इथं खाट आहे, महाशय. आजारपण आहे, वाद आहे, परदेशातलं मरण आहे, तुमच्या यादीतलं जवळजवळ सगळं आहे. तरी हा चित्रपट तुम्ही करणार नाही. कारण कॅमेरा खाटेकडून जरा वळवला की भोवती आम्ही दिसतो. मराठीवाले, कोंकणीवाले, सारस्वत, बहुजन, गप्प बसलेले आणि नको तेव्हा बोललेले. मीही त्यात आहे, गप्प बसलेल्यांत.

तुमचा पोरगा निघताना म्हणाला, शूटिंग नोव्हेंबरात ठेवू, इफ्फी महोत्सवाच्या सुमारास, म्हणजे घोषणाही तिथंच होईल. मी म्हटलं, आणि पाऊस? तो म्हणाला, टँकर मागवू, खरा पाऊस कॅमेऱ्यात दिसत नाही. हे खरं असेल, तुमच्या शास्त्रातलं मला कळत नाही. पण बाकीबाबांचा 8 जुलै आमच्याकडं ऐन पावसात येतो. खऱ्या पावसात माणूस काय करतो ठाऊक आहे? खिडकी लावून घेतो, कारण कागद भिजतात.

तर एवढंच करा. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी आहे. संस्था 1832 सालची, इमारत नवी, लिफ्ट चालते. कॅमेरा गाडीत ठेवून वर या आणि 'कांचनसंध्या', 'अनुरागिणी', 'चिन्मयी' मागा. तीनही सलग वाचा. एक दुपार लागेल. मग त्या मोंटाजची लांबी पुन्हा ठरवा. लेखक 'लॉक' करायची घाई नाही, ते सगळे आहेत तिथंच आहेत. 'महात्मायन' मात्र पुरं वाचायला मिळणार नाही. ते पुरं झालं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पणजीचा एक वाचक

ता. क. पोरगा छत्री दाराबाहेरच विसरून गेलाय. काळी आहे, दांडा वाकडा, एक काडी मोडलेली. काकींनी वाळवून ठेवलीय. ऑगस्टच्या आत घेऊन जायला सांगा.